पाकिटावरची बारीक अक्षरे

प्रत्येक घरात औषधांचा एक डबा असतो. कुठे तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो, कुठे फ्रीजवरची प्लॅस्टिकची टोपली, तर कुठे दादीच्या उशाजवळची कापडी पिशवी. अर्धी संपलेली पाकिटे, बूच चिकटलेल्या बाटल्या, मलमाच्या चेपलेल्या ट्यूब, सारे त्यात एकत्र असते. घरात कुणाला बरे वाटेनासे झाले की हात आपोआप तिकडे जातो. ओळख पटवायची ती रंगावरून. "ती गुलाबी गोळी दे," "मागच्या वेळी छोटूला दिलेली बाटली बघ."

या डब्यातल्या प्रत्येक औषधाला दोन नावे असतात. ठळक अक्षरांतले नाव कंपनीने विक्रीसाठी ठेवलेले असते. दुसरे नाव बारीक अक्षरांत असते आणि ते आतल्या पदार्थाचे असते. त्याच्यापुढे त्याचे मिलिग्रॅममधले प्रमाण छापलेले असते. आपण पहिले नाव लक्षात ठेवतो. शरीरावर काम करतो तो मात्र दुसऱ्या नावाचा पदार्थ.

आजारावर उपचार करा, अल्लाहने प्रत्येक आजाराबरोबर त्याचा इलाजही ठेवला आहे, अशी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण आपल्याला ठाऊक आहे. तिच्याबरोबरची दुसरी शिकवण आपण कमी आठवतो. वैद्यकीचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो होणाऱ्या नुकसानीला जबाबदार धरला जातो, असेही हदीसमध्ये आले आहे. घरातल्या डब्यातून औषध काढून देणारा प्रत्येक हात त्या क्षणी उपचार करत असतो. म्हणून आपण काय देत आहोत, एवढे तरी त्या हाताला माहीत असायला हवे.

तीन पाकिटे, एकच पदार्थ

ताप आणि अंगदुखीवर घरोघरी दिला जाणारा पदार्थ म्हणजे पॅरासिटामॉल. तो ताप उतरवतो, दुखणे कमी करतो, पोटाला फारसा त्रास देत नाही आणि योग्य मात्रेत लहानांपासून वृद्धांपर्यंत चालतो. त्याने सूज फारशी उतरत नाही आणि तापाचे मूळ कारणही जात नाही. ताप का आला, हा प्रश्न गोळी घेतल्यावरही उभाच असतो.

आता एक हिशेब करू. घरातल्या कर्त्या माणसाला ताप आहे. तो ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून चार वेळा घेतो. एकूण २६०० झाले. नाक वाहते म्हणून सर्दीची गोळी तीन वेळा घेतो. तिच्यात इतर पदार्थांबरोबर ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे. म्हणजे आणखी १५००. कंबर दुखते म्हणून दुखण्याची गोळी दोन वेळा. तिच्यातही ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे. म्हणजे आणखी ६५०. बेरीज झाली ४७५० मिलिग्रॅम. निरोगी प्रौढ माणसासाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम मानली जाते. ज्याचे वजन कमी आहे, ज्याला लिव्हरचा आजार आहे किंवा ज्याचे काही दिवस खाणे तुटले आहे, त्याच्यासाठी ती आणखी कमी असते. आपण तीन वेगवेगळी औषधे घेतली, असे त्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात त्याने एकच औषध तीन नावांनी घेतले.

पॅरासिटामॉलचा निचरा लिव्हरमध्ये होतो. तो होताना थोडासा विषारी अंश तयार होतो आणि लिव्हर आपल्याजवळच्या ग्लुटाथायोन या द्रव्याने त्याला निष्प्रभ करते. मात्रा फार वाढली की हा साठा संपतो आणि तो विषारी अंश लिव्हरच्या पेशींवरच उलटतो. यातली धोक्याची गोष्ट अशी की पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसे काही जाणवत नाही आणि खरे नुकसान दोन-तीन दिवसांनी दिसते. यावर उतारा आहे, पण तो लवकर दिला तरच पुरता उपयोगी पडतो. म्हणून जास्त गोळ्या पोटात गेल्याचे कळताच, माणूस ठीक दिसत असला तरी, त्याला दवाखान्यात न्यावे.

एका पदार्थाला इतकी नावे का?

यामागे एक इतिहास आहे आणि त्यात मुंबईतल्या एका मुस्लिम रसायनशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेल्या डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत सिप्ला ही कंपनी स्थापन केली. औषधे आपल्याच देशात बनावीत, ही त्यांची तळमळ होती. पुढे १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी नाकारली आणि ते बनवण्याच्या पद्धतीपुरतेच पेटंट मान्य केले. अशा कायद्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत ख्वाजासाहेबांचे चिरंजीव डॉ. यूसुफ हमीद होते. या कायद्यामुळे एकच पदार्थ अनेक भारतीय कंपन्या स्वस्तात बनवू लागल्या आणि प्रत्येकीने त्याला आपापले नाव दिले. २००१ साली एड्सवरच्या तीन औषधांचा वर्षभराचा खर्च परदेशी कंपन्यांच्या दराने दहा हजार डॉलरच्या वर होता. सिप्लाने तीच औषधे सुमारे ३५० डॉलरमध्ये देऊ केली. आफ्रिकेतल्या असंख्य गरीब रुग्णांसाठी जगण्याची वाट त्यातून खुली झाली.

पदार्थ तोच आणि प्रमाण तेच असेल तर कमी किमतीचे औषध घ्यायला संकोच नसावा. जनऔषधी केंद्रात ठळक नावाच्या जागी पदार्थाचेच नाव दिसते, ते याच कारणाने. मात्र फिट्स, थायरॉईड, रक्त पातळ करणारी औषधे यांची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये. तिथे थोडासा फरकही महागात पडू शकतो.

बाटली कोणती, चमचा कोणता?

मोठ्यांपेक्षा मुलांच्या औषधात घोळ लवकर होतो. मुलांना पॅरासिटामॉल वयावर नव्हे, वजनावर देतात. एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. १२ किलोच्या मुलाला एका वेळी १२० ते १८० मिलिग्रॅम पुरे होतात.

मेडिकलमध्ये याच पदार्थाच्या निदान तीन प्रकारच्या बाटल्या मिळतात. एकीत ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतात. दुसरीत तेवढ्याच ५ मिलिलिटरमध्ये २४० किंवा २५० असतात. तिसरी तान्ह्या बाळांची थेंबांची छोटी बाटली. तिच्यात केवळ १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतात. बाटली लहान म्हणून औषध सौम्य, असे आपल्याला वाटते. खरे तर ते सर्वांत तीव्र असते. आपल्या १२ किलोच्या मुलाला "एक चमचा" म्हणून ५ मिलिलिटर दिले तर पहिल्या बाटलीतून १२० मिलिग्रॅम जातील, दुसरीतून २५०, आणि थेंबांच्या बाटलीतून ५००. चमचा एकच, पण औषध चौपट.

त्यातही चमचा म्हणजे कोणता? साखरेच्या डब्यातला, खिरीचा की चहाचा? त्यांची मापे सारखी नसतात. बाटलीबरोबर आलेले मापाचे झाकण, ड्रॉपर किंवा सुई नसलेली सिरिंज हेच खरे माप. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला वापरू नये. बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असेल आणि ताप आला, तर डबा उघडू नये, थेट डॉक्टरांकडे जावे.

सर्वच ताप एका गोळीचे नसतात

ताप उतरवणाऱ्या इतर गोळ्याही डब्यात असतात. अॅस्पिरिन हा जुना आणि गुणी पदार्थ आहे. तो रक्तात गुठळी होऊ देत नाही, म्हणून हृदयरोग्यांना ७५ मिलिग्रॅमची छोटी गोळी रोज देतात. हाच गुण डेंग्यूत घातक ठरतो, कारण डेंग्यूत आधीच रक्तस्रावाची भीती असते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकही डेंग्यूच्या संशयात टाळावीत. पावसाळ्यात गल्लीत पाणी साचते, डास वाढतात आणि ताप कशाचा आहे हे पहिल्या दोन दिवसांत कळत नाही. अशा वेळी पॅरासिटामॉल, भरपूर पातळ पदार्थ आणि रक्ताची तपासणी एवढेच करावे. मात्र अब्बांची हृदयाची रोजची गोळी अशा तापात आपल्या मनाने बंद करू नये, ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. मुलांना तापात अॅस्पिरिन मुळीच देऊ नये. त्यामुळे मेंदू आणि लिव्हरवर परिणाम करणारा एक दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो. निमेसुलाइड या पदार्थावर १२ वर्षांखालील मुलांसाठी आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. तरीही मोठ्यांची अर्धी गोळी मोडून मुलाला देणारी घरे आहेत.

गुडघेदुखीसाठी दादी-नानी महिनोन्महिने दुखण्याच्या गोळ्या घेतात. या गोळ्या पोटाच्या अस्तराला आणि किडनीला त्रास देतात. ब्लड प्रेशर किंवा मधुमेह असेल तर हा धोका वाढतो. काळी शौच झाली, पायांवर सूज आली, लघवी कमी झाली तर गोळी थांबवून तपासणी करावी.

गोड बाटलीतले विष

आता खोकल्याच्या सिरपबद्दल. "सिरप" हा शब्द मुळात अरबी "शराब" म्हणजे पेय या शब्दातून युरोपात गेला. आपले "सरबत" त्याच कुळातले. मुस्लिम हकिमांनी औषधे गोड पाकात मिसळून देण्याची कला फार पुढे नेली. या गोड पाकातच एक मोठा धोका लपलेला असतो आणि तो आपल्या राज्याने पाहिला आहे.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी पोटातून ग्लिसरीन देतात. ज्या ग्लिसरीनवर विश्वास ठेवला, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल निघाले. हा कारखान्यात वापरला जाणारा द्रव आहे. तो ग्लिसरीनसारखाच रंगहीन, घट्टसर आणि गोड असतो. तो किडनी निकामी करतो. जीभ किंवा डोळे दोन्हींतला फरक ओळखू शकत नाहीत. प्रयोगशाळाच तो ओळखते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. औषधखरेदीपासून तपासणीपर्यंत किती ठिकाणी हलगर्जी आणि भ्रष्टाचार होता, हे तिच्यातून उघड झाले. त्याच्याही आधी, १९३७ साली, अमेरिकेत याच द्रवाने शंभरावर बळी घेतले होते.

हा धडा पक्का झाला असे वाटत असतानाच २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक मुले गेली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. त्या सिरपमध्ये हाच द्रव ४८.६ टक्के आढळला. तो मान्य असतो जेमतेम ०.१ टक्क्यापर्यंत.

घरी बसून बाटलीतले विष ओळखता येत नाही. पण मुळात बाटलीची गरज आहे का, हे विचारता येते. मुलांचा बहुतेक सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो आणि काही दिवसांत आपोआप बरा होतो. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सर्वसाधारणपणे टाळावीत, असा केंद्र सरकारचा सल्ला आहे. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन हे दोन पदार्थ एकत्र असलेले औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे डिसेंबर २०२३ मध्येच ठरले आहे. ही दोन्ही नावे बाटलीवर वाचता येतात. औषध घ्यावेच लागले तर बिल घ्यावे आणि मुलाला बरे वाटेपर्यंत बाटली फेकू नये. बॅच नंबर त्याच बाटलीवर असतो. सिरप दिल्यानंतर मुलाची लघवी कमी झाली, उलट्या होऊ लागल्या किंवा मूल सुस्तावले, तर रात्र जाऊ न देता मोठ्या रुग्णालयात न्यावे.

टोपणनावे

खोकल्याच्या काही सिरपमध्ये कोडीन असते. हा अफूच्या कुळातला पदार्थ आहे. मालेगाव परिसरात "कुत्ता गोळी" हे नाव पालकांच्या कानावर आले असेल. त्या गोळीतला पदार्थ अल्प्राझोलाम. डॉक्टर तो काही रुग्णांना घबराटीच्या आजारावर मोजून देतात. चिठ्ठीशिवाय मूठभर घेतला की तो झोप, भान आणि शेवटी माणूसच हिरावून घेतो. लोक नशेला दुसरी नावे देतील, असा इशारा हदीसमध्ये आहे. मुलाच्या दप्तरात, गाडीच्या डिकीत रिकामी पाकिटे किंवा सिरपच्या बाटल्या दिसल्या तर आधी त्यावरचा पदार्थ वाचा. मग आरडाओरड न करता मुलाशी बोला आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. व्यसन हा आजारही आहे आणि त्यावर उपचार होतो.

मीठ, साखर आणि पाणी

सर्वांत स्वस्त औषध डब्यात बहुधा नसतेच. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पावसाळ्यात जुलाबाच्या साथी येतात. दोन्ही वेळी शरीरातले पाणी आणि क्षार निघून जातात. ओआरएसच्या एक लिटरच्या पाकिटात सोडियम क्लोराइड म्हणजे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. ग्लुकोज इथे चवीसाठी किंवा ताकदीसाठी घातलेले नसते. आतड्यात मीठ ग्लुकोजचा हात धरून आत जाते आणि त्यांच्यामागे पाणी जाते. म्हणून नुसते पाणी किंवा नुसते मीठपाणी तेवढे काम करत नाही.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे मिश्रण पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ३-४ टक्क्यांपर्यंत खाली आले. आईच्या हातातल्या भांड्याने हे काम केले.

नियम साधे आहेत. पाकिटावर जेवढे पाणी लिहिले आहे तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पाकीट घालावे. अर्धे पाकीट पेल्यात टाकू नये, वरून साखर घालू नये. २४ तासांनंतर उरलेले फेकून द्यावे. मुलाने उलटी केली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. जुलाब झालेल्या मुलाला झिंकची गोळी १४ दिवस द्यावी, जुलाब थांबल्यावरही. सहा महिन्यांवरील मुलांना ती २० मिलिग्रॅमची असते, त्याखालच्यांना १० ची. आशाताईंकडे दोन्ही गोष्टी मिळतात. दुकानात ओआरएससारख्या नावाची गोड पेयेही मिळत. त्यात साखर फार आणि क्षार कमी असत. २०२५ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना ते नाव वापरण्यास मनाई केली. तरीही पाकिटावरचे चार पदार्थ वाचूनच घ्यावे.

लाल रेषा

काही पाकिटांच्या मागे उभी लाल रेषा असते. ती सजावट नाही. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, असा तिचा अर्थ आहे. अमॉक्सिसिलिन, अॅझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम ही अँटिबायोटिक्स याच गटातली. ती जिवाणूंना मारतात, विषाणूंवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. साध्या सर्दीवर ती घेणे व्यर्थ आहे. उलट शरीरातले जिवाणू त्या औषधाला सरावतात. मग न्यूमोनियासारखा खरा आजार आला की औषध निकामी ठरते. आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, तो गरिबालाही पेनिसिलिन मिळावे म्हणून. तेव्हा प्रश्न औषध मिळण्याचा होता. आज प्रश्न औषध टिकण्याचा आहे. शेजारणीच्या उरलेल्या तीन कॅप्सूल आणून खाणे म्हणजे सगळ्या गल्लीचे औषध बोथट करणे होय.

मलमांचेही तसेच. नायट्यावर किंवा गोरेपणासाठी ज्या ट्यूब सर्रास लावल्या जातात, त्यांच्यावर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले तर ते स्टेरॉइड आहे. त्याने चार दिवस खाज थांबते. नायटा मात्र आतून पसरतो, त्वचा पातळ होते, चेहऱ्यावर लाली आणि लव येते. लग्न ठरलेल्या मुलींच्या हाती ही ट्यूब देऊ नये.

हलाल, रोजा आणि औषध

आपल्या घरांत आणखी एक रास्त प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे औषधात काय मिसळले आहे. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते. वनस्पतीच्या सेल्युलोजपासून बनवलेली कवचेही असतात. त्यांच्यावर एचपीएमसी हे नाव दिसू शकते. काही सिरपमध्ये अल्कोहोल असते आणि त्याचे प्रमाण बाटलीवर छापलेले असते. होमिओपॅथीच्या टिंक्चरमध्ये तर ते बरेच असते. बहुतेक वेळा त्याच पदार्थाची साधी गोळी मिळते. डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्याला मोकळेपणाने विचारावे. पर्याय नसेल तर शरीअतने जीव वाचवण्यासाठी सवलत ठेवली आहे. डुकराच्या आतड्यापासून बनणारे हेपारिन हृदयविकारात आणि डायलिसिसमध्ये जीव वाचवते. असे औषध आपल्या मनाने बंद करू नये, आलिमांना विचारावे. इन्सुलिनही पूर्वी गायी-डुकरांपासून मिळत असे. १९८२ पासून जिवाणूंकडून बनवलेले मानवी इन्सुलिन उपलब्ध आहे, त्यामुळे तो प्रश्न बव्हंशी मिटला.

रमजानच्या महिनाभर आधी रोजच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी. दिवसातून तीन वेळा घ्यायची अनेक औषधे सहरी आणि इफ्तारच्या वेळेला बसवता येतात. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांनी आणि इन्सुलिनने रोजात साखर घसरू शकते, त्यांची मात्रा आधीच बदलून घ्यावी. घाम, थरथर, भोवळ जाणवली आणि साखर ७० च्या खाली गेली तर रोजा सोडून लगेच गोड घ्यावे. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची मुभा पवित्र कुरआननेच दिली आहे. ती नाकारण्यात जास्त पुण्य नाही. बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमांनी सांगितले आहे. इनहेलरबाबत मते वेगवेगळी आहेत, आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

मधात शिफा आहे, हा आपला विश्वास आहे. वर्षभरावरील मुलाच्या खोकल्यात रात्री चमचाभर मध खरोखर आराम देतो. पण एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. मधात एका जिवाणूचे बीज असू शकते. मोठ्यांच्या पोटात ते निरुपद्रवी राहते, बाळाच्या आतड्यात मात्र विष तयार करून त्याचे स्नायू लुळे पाडते. तहनीकची सुन्नत खजुराची आहे, तिला मधाची गरज नाही.

बाजारातल्या अनेक सुरम्यांत शिशाचे संयुग असते. बाळ डोळे चोळते आणि तेच हात तोंडात घालते. शिसे रक्तात साठून बुद्धीची वाढ खुंटवते. लहानग्यांच्या डोळ्यांना सुरमा लावू नये.

आणि शाळेत मिळणारी निळी गोळी? ती मुलींना नापीक करण्यासाठी असते, अशी कुजबुज अधूनमधून मोहल्ल्यात उठते. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. पालेभाजी, गूळ, खजूर यांतून जे थोडे थोडे मिळते तेच. ती जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, लिंबू चालते. शौचाचा रंग काळसर झाला तर घाबरू नये. मात्र घरातल्या लोहाच्या गोळ्या लहान मुलांपासून लांब ठेवाव्यात. गोळी समजून मुले त्या मूठभर खातात आणि ते जिवावर बेतते.

डब्याची साफसफाई

मी शाळेत शिकवते, म्हणून शेवटी एक गृहपाठ देते. येत्या जुम्याला नमाजनंतर डबा जमिनीवर पालथा घाला. मुदत संपलेले बाजूला काढा. उघडलेले डोळ्यांचे थेंब महिन्याने टाकून द्या. ज्यांचे नाव फाटले आहे, ती पाकिटे ठेवू नका. पाकीट कापताना नाव आणि तारीख असलेला भाग शेवटपर्यंत राहू द्या. उरलेल्या प्रत्येक औषधातला पदार्थ, त्याचे प्रमाण आणि ते कुणासाठी आहे, हे एका वहीत उर्दूत किंवा मराठीत, घरात सर्वांना वाचता येईल अशा लिपीत लिहा. एकच नाव दोनदा आले तर त्याखाली रेघ ओढा. २०२३ पासून देशातल्या ३०० प्रमुख औषधांवर क्यूआर कोड आहे. तो मोबाइलने तपासा. ही वही डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या. डबा उंच कपाटात, ओल आणि उन्हापासून दूर ठेवा.

पाकिटावरची अक्षरे इंग्रजीत असतात, ती आपल्याला कशी वाचता येणार, असे अनेक अम्मी म्हणतील. घरातली सातवी-आठवीतली मुलगी ती अक्षर-अक्षर जुळवून वाचू शकते. तिला जवळ बसवा, तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. पहिल्या दिवशी ती "पॅ-रा-सि-टा-मॉल" म्हणताना अडखळेल. महिन्याभरात तीच म्हणेल, "दादी, हे आणि ते एकच आहे, दोन्ही घेऊ नकोस." त्या दिवशी तिच्या शिक्षणाचा पहिला फायदा तिच्या घराला झालेला असेल.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे. शिफा देणारा तोच आहे. तिच्या वाटेवरची अक्षरे नीट वाचण्याचे काम मात्र आपले आहे. अल्लाह आपल्या सर्व घरांना आरोग्य आणि समज देवो. आमीन.